पिवळा झेंडा

(1999 च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजन समितीचा मला फोन आला तेव्हा सांगण्यात आलं, "बाकीचे सगळे आपापल्या नोकरी-धंद्यावर बोलणार आहेत. तू गाड्यांवर बोल, म्हणजे जेवणाआधी कुणी झोपणार नाही." त्यामुळे माझं काम सोपं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेत होतो एवढं ऐकून माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा तो गुडघा जमिनीला टेकलेला फोटो फिरला होता, त्यावर "पडला की काय हा?" अशाही प्रतिक्रिया आल्या होत्या. पडलो नव्हतो. वळणावर गुडघा तसाच टेकवायचा असतो. गाडी किती कलली आहे ते त्यावरून कळतं, आणि त्यासाठी सुटाच्या गुडघ्यावर प्लॅस्टिकची चकती लावलेली असते.

आधी माझी पायरी सांगतो. मी काही मोठा रेसर नव्हे. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि चार माणसं. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर मला गाडीचा नाद लागला, आणि नाद खुळाच असतो. तिशी उलटल्यावर मी ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी चालवली. म्हणजे ज्या वयात लोक हे सोडतात त्या वयात मी सुरू केलं. आज मी एकाच शेवटच्या आठवडाअखेरीबद्दल बोलणार आहे, कारण त्या तीन दिवसांवर माझं वर्षभराचं अजिंक्यपद ठरणार होतं. मी तेव्हा 36 वर्षांचा होतो.

ट्रॅक चेन्नईचा. शहराबाहेर श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव आहे, तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक 1990 साली सुरू झाला. त्याआधी चेन्नईच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत असत. लांबी 3.717 किलोमीटर आणि वळणं 12. गंमत अशी की आपल्या कोल्हापूरवरून जाणारा 48 क्रमांकाचा महामार्ग बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत थेट श्रीपेरंबुदूरवरून चेन्नईला जातो. आपण लहानपणी ज्या पुणे-बेंगळुरू रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रक मोजायचो, तोच सरळ धरला की सुमारे साडेनऊशे किलोमीटरवर तो ट्रॅक येतो. मी बुधवारी रात्री वर्कशॉपला कुलूप लावून बसने निघायचो, आणि सोमवारी रात्रीपर्यंत परत मशीनवर.

आमच्या गटात सगळ्यांना एकाच बनावटीच्या, एकसारख्या 200 सीसीच्या गाड्या आयोजकांकडून मिळायच्या. कुठली गाडी कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. टायरही सगळ्यांना तेच. त्यामुळे 'त्याची गाडी भारी होती' असं म्हणायची सोयच नव्हती. वर्षात चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन शर्यती, एकूण आठ. पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 16, चौथ्याला 13, असं खाली खाली. मोटोजीपीत पद्धत आहे तशीच.

सहा शर्यती झाल्या तेव्हा माझे 121 गुण होते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या मुलाचे 107. मी एकच शर्यत जिंकली होती, पण प्रत्येक वेळी पहिल्या तिनात आलो होतो. त्याने तीन जिंकल्या होत्या आणि एकीत पडल्यामुळे शून्य मिळालं होतं. वय 19, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, घर ट्रॅकपासून अर्ध्या तासावर. मला 'अण्णा' म्हणायचा. तमिळमध्ये अण्णा म्हणजे मोठा भाऊ. आपल्याकडेही अण्णा म्हणतातच, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. त्याला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, आणि आम्हा दोघांचं इंग्रजी बाईंनी ऐकलं असतं तर दोघांनाही बाकावर उभं केलं असतं. पण गाडीविषयी बोलताना हात पुरतात.

गुरुवारी संध्याकाळी तपासणी असते. हेल्मेट, चामड्याचा एकसंध सूट, पाठीचं संरक्षक कवच, हातमोजे, बूट, सगळं टेबलावर मांडायचं. हेल्मेटला चीर दिसली की बाद. गाडीचा हेडलाइट, आरसे, स्टँड काढलेले असतात. आणि इंजिनाचं तेल सोडायचा जो बोल्ट असतो, त्याला भोक पाडून तो तारेने बांधलेला असतो. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, बोल्ट नीट आवळला असेल तर तार कशाला? तपासनीस म्हणाले, "बोल्ट सुटला तर तू कदाचित पुढे निघून जाशील. तेलावरून घसरून पडेल तो तुझ्या मागचा." तेव्हापासून वर्कशॉपमध्ये कुणालाही बोल्ट आवळायला सांगताना मला ते वाक्य आठवतं.

शुक्रवारी सराव, शनिवारी सकाळी पात्रता फेरी, दुपारी पहिली शर्यत, रविवारी दुसरी. शर्यत सहा फेऱ्यांची, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. इथून पन्हाळा गाठून थोडं पुढे जाण्याइतकं अंतर, आणि ते तेरा मिनिटांत संपतं. वर्षभराची धडपड आणि एका बऱ्या नव्या दुचाकीएवढा खर्च, सगळं त्या तेरा मिनिटांसाठी. घरी आई म्हणायची, "एवढं लांब जाऊन तेरा मिनिटं?" तिला मी कधी उत्तर देऊ शकलो नाही.

इथे आपले विज्ञानाचे सर बसलेत, म्हणून थोडं त्यांच्या तासाला जातो. सर, तुम्ही दगडाला दोरी बांधून गरगर फिरवून अभिकेंद्री बल शिकवलं होतं, आणि दगड सुटून खिडकीची काच फुटली होती. वर्ग हसला, पण सूत्र डोक्यात राहिलं. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. गाडी वळवताना ते बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून मिळतं. 50 मीटर त्रिज्येचं वळण असेल आणि गाडी 45 अंशांत कलली असेल, तर वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास येतो. आता तुम्ही म्हणाल, अजून थोडं जोरात जाऊ. वेग दहा टक्के वाढवला की लागणारं बल एकवीस टक्क्यांनी वाढतं. टायरकडे ते असलं तर ठीक, नसलं तर सरांचा दगड. त्यामुळे हिंमत मोठी म्हणून कुणी वळणावर जोरात जात नाही. कुठे ब्रेक धरायचा, कधी सोडायचा, नजर कुठे ठेवायची याचा हिशेब पक्का असेल तोच जोरात जातो. नजरेचं तर फार महत्त्वाचं. जिकडे नजर तिकडे गाडी. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाता.

शनिवारच्या पात्रता फेरीत माझा नंबर चौथा आला, त्या मुलाचा पहिला. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे दिवस असतात, पण शनिवारी कडक ऊन होतं. चामड्याच्या सुटात, दमट हवेत, सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिलं की घाम डोळ्यांत उतरतो आणि हेल्मेटमुळे पुसता येत नाही. तो शर्यत जिंकला. मी तिसरा आलो. त्याचे 132, माझे 137. चौदा गुणांची आघाडी पाचावर आली.

रात्री खोलीवर वहीत हिशेब मांडला. तो दुसरा आला आणि मी तिसरा, तर अजिंक्यपद माझं. तो जिंकला आणि मी दुसरा, तर त्याला 25, मला 20, दोघांचे 157. बरोबरी झाली तर ज्याने जास्त शर्यती जिंकल्या तो वरचा, आणि तिथे माझ्याकडे एकच विजय. म्हणजे तो जिंकत असेल तर मला दुसरं येऊन भागणार नव्हतं, त्याच्या पुढेच जायला हवं होतं. वर्षभर मी पदरात पडेल ते घेत सावधपणे चालवलं, आणि शेवटच्या दिवशी नेमकं ते सावधपण पुरेसं नव्हतं.

शर्यती बघताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. फेरीच्या शेवटच्या टप्प्यात एका वळणाआधी तो जरा लवकर ब्रेक धरतो आणि आत जागा राहते. तिथे सरळ मागे लागून यायचं, पुढच्या गाडीच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध कमी होतो त्याचा फायदा घ्यायचा आणि ब्रेकच्या वेळी आतून शिरायचं. हे मी शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवायचं ठरवलं, कारण आधी केलं तर तो शहाणा होतो आणि दार लावून घेतो.

रविवारी पहाटे पाऊस झाला. सकाळच्या दुसऱ्या गटांच्या शर्यतींत लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा दिसत होता. त्याचा अर्थ रस्ता निसरडा आहे. आमची वेळ येईपर्यंत ऊन पडलं, ट्रॅक बराचसा वाळला, पण कडेला ओलसर पट्टे शिल्लक होते.

सुरुवात चांगली झाली. दुसऱ्या फेरीत मी तिसरा, तिसऱ्या फेरीत दुसरा. पुढे फक्त तो. चौथ्या फेरीत आमच्यातलं अंतर तीन-चार गाड्यांचं राहिलं, पाचवीत एका गाडीचं. त्याच्या सायलेन्सरची गरम हवा मला छातीवर जाणवत होती. त्या वळणावर त्याने पाचव्या फेरीतही लवकर ब्रेक धरला. मी मुद्दाम मागेच राहिलो. आता एकच फेरी, एकदाच.

शेवटच्या फेरीत मागच्या सरळ रस्त्यावर मी त्याच्या अगदी मागे लागलो. हवा कापायचं काम तो करत होता, माझी गाडी मोकळी पळत होती. वळण येत होतं. मी बोटं ब्रेकवर नीट बसवली. आणि वळणाच्या आधीच्या चौकीवर पिवळा झेंडा हलताना दिसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, आणि कुणालाही ओलांडायचं नाही. हिरवा झेंडा दिसेपर्यंत. आमच्या मागे असलेला एक जण पाचव्या फेरीत तिथे ओल्या पट्ट्यावर घसरला होता. दोन मिनिटांनी आम्ही परत तिथे पोहोचलो तेव्हा तो ट्रॅकच्या कडेला बसलेला होता, हात पोटाशी धरून. नंतर कळलं, गळपट्टीचं हाड मोडलं होतं. मोटारसायकलवाल्यांचं नेहमीचं हाड ते. आणि त्याच्याजवळ एक मार्शल वाकून उभा होता. कॉलेजचा मुलगा असावा, नारिंगी कपड्यात. त्याची पाठ आमच्याकडे होती.

ती पाठ मला अजून दिसते.

माझ्या पुढच्याने वेग कमी केला. नुसता कमी केला असं नाही, चांगला कमी केला, जसा करायला हवा तसा. आणि आतली सगळी बाजू मोकळी झाली. वर्षभर ज्या जागेची वाट पाहिली ती जागा दुप्पट मोठी होऊन समोर उघडी होती. मी ब्रेक धरला आणि त्याच्या मागेच राहिलो.

पुढे हिरवा झेंडा होता, शेवटचं वळण होतं आणि अंतिम रेषेपर्यंतचा सरळ रस्ता होता. मी जेवढं करता येईल तेवढं केलं. वळणातून लवकर ॲक्सिलरेटर उघडला, त्याच्या आडोशाला आलो, बाहेर निघालो, शेजारी सरकत गेलो. चौकटीच्या झेंड्याखालून तो एका गाडीच्या लांबीने पुढे गेला. ताशी 120 च्या वेगाला गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. दोन मीटरची गाडी, म्हणजे सेकंदाच्या सहा शतांशांचा फरक. गुण 157 आणि 157. विजय त्याचे पाच, माझा एक. अजिंक्यपद त्याचं.

आपल्यापैकी कितीतरी जणांनी मला नंतर विचारलं, "अरे, त्या गडबडीत कुणी बघितलं असतं?" बघितलं असतं. ओलांडलं असतं तर दंड झालाच असता, त्यामुळे मी काही फार मोठा त्याग केला असं समजू नका. पण खरं सांगायचं तर त्या अर्ध्या सेकंदात दंडाचा विचार मनात आलाच नाही. मला ती पाठ दिसत होती. तो मुलगा शंभर-सव्वाशेच्या वेगाने येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून उभा होता, का? तर त्याच्या जोडीदाराच्या हातात झेंडा होता, आणि झेंडा दिसला की आम्ही थांबणार, याची त्याला खात्री होती. आम्हाला तो ओळखतही नव्हता.

आणि दुसरी गोष्ट मला परतीच्या बसमध्ये सुचली. माझ्या पुढच्या मुलाने एवढा वेग कमी करायची हिंमत कशी केली? मागे मी आहे, अजिंक्यपद ठरतंय, हे त्याला माहीत होतं. थोडासाच वेग कमी करून दार बंद ठेवता आलं असतं त्याला. त्याने ते केलं नाही, कारण अण्णा पिवळ्यात ओलांडणार नाही हे त्याने धरून चाललं होतं. म्हणजे त्या वळणावर आम्ही चौघं होतो, एक पडलेला, एक पाठ करून उभा असलेला आणि दोघं गाडीवर, आणि चौघांचाही जीव दुसऱ्यांच्या शब्दावर होता. शब्द कुणी दिलेला नव्हता तरी.

संध्याकाळी बक्षीस समारंभात तो मुलगा ट्रॉफी घेऊन खाली आला आणि मला म्हणाला, "अण्णा, सेम पॉइंट्स." मी म्हटलं, "सेम पॉइंट्स." पुढे आम्हाला दोघांनाही काही सुचलं नाही. त्याच्या आईने आम्हाला दोघांना डब्यातला लिंबूभात खायला दिला. वाईट वाटलं का? वाटलं. अजूनही वाटतं. घरी एक उपविजेत्याची ढाल आहे, तिच्यावर धूळ बसली की बायको पुसते, मी पुसत नाही.

पुढच्या वर्षी मी आणखी एक हंगाम चालवला, चौथा आलो आणि स्पर्धा सोडली. मग मार्शलचं प्रशिक्षण घेतलं. आता वर्षातून एखाद-दोनदा त्याच ट्रॅकवर झेंडा घेऊन उभा राहतो. तिथे शिकवतात की मार्शल जोडीने काम करतात. एकाने पडलेल्याकडे बघायचं तर दुसऱ्याने येणाऱ्या गाड्यांवरची नजर काढायची नाही. मानधन नाममात्र, ऊन भरपूर. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ट्रॅकच्या इतक्या जवळ दुसरं कोण उभं राहू देणार?

आता हे सगळं आज इथे का सांगतोय? आपल्यापैकी बहुतेकांची मुलं आता सोळा ते वीस वर्षांची आहेत. गाडीची किल्ली मागण्याचं वय. रविवारी सकाळी पन्हाळ्याच्या रस्त्यावर आणि रात्री रंकाळ्याच्या बाजूला जे चालतं ते तुम्ही सगळे बघता. त्या पोरांची मला चीड येत नाही, कारण त्यांचा नाद मला कळतो. पण ट्रॅकवर वळणाच्या पलीकडे काय आहे हे सांगायला माणूस उभा असतो. समोरून कुणी येत नाही, कडेला झाड नसतं, अ‍ॅम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी असते. रस्त्यावर यातलं काहीच नाही. वळणाच्या पलीकडे ऊसाची ट्रॉली आहे की शाळेला निघालेली पोरं आहेत, हे सांगणारा पिवळा झेंडा तिथे नसतो.

आकडे सरकारचेच आहेत. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांतली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. आणि सरांच्या सूत्राचं आणखी एक गणित घरी मुलांना करायला लावा. ताशी 60 च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. म्हणजे धोका दिसल्यापासून ब्रेकवर बोट जाईपर्यंत एक सेकंद गेला तर या सभागृहाची लांबी संपलेली असते. आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचं थांबायचं अंतर चौपट होतं.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. घरात कुणाला खरोखर हा नाद असेल तर त्याला शिव्या देऊ नका आणि चोरून गाडी चालवायलाही लावू नका. माझ्याकडे पाठवा. उद्यमनगरात कुणालाही विचारा, वर्कशॉप दाखवतील. ट्रॅकवर शिकायचं कसं, परवाना कसा काढायचा, सूट कुठला घ्यायचा, खर्च किती येतो आणि पडल्यावर काय दुखतं, हे सगळं मी खरं खरं सांगेन. पैकी निम्मी पोरं खर्च ऐकूनच घरी जातील, ते तुमच्या फायद्याचं. जी राहतील त्यांना मी आधी गाडी देणार नाही. एक दिवस माझ्याबरोबर झेंडा घेऊन उन्हात उभं करेन. पाठ करून उभा असलेला माणूस एकदा पाहिला की मग गाडीवर बसवायला हरकत नाही.

सर, तुमच्या दगडाचे आणि फुटलेल्या काचेचे आभार. मित्रहो, समितीने दिलेली वीस मिनिटं संपत आली आहेत आणि मागे जेवणाच्या बाजूने तांबड्या रश्श्याचा वास यायला लागलाय, तेव्हा आता मला कुणी ओलांडायच्या आत मीच थांबतो.